फ्यूज काढलेली गाडी

इंदापूरला पाच दिवस जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातले लोक विचारतात, "कोणाचं लग्न होतं का?" लग्न नव्हतं, देवदर्शनही नव्हतं. मी गाडी शिकवायला गेले होते. मग पुढचा प्रश्न येतो: "गाडी शिकवायला इथून बाई कशाला न्यायला हवी?" त्याचं उत्तर जिन्यात उभं राहून देता येत नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

पुण्यात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे, सोळा वर्षं. यंदाची, म्हणजे अठ्ठ्याण्णवची दिवाळी होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा इंदापूरहून डॉक्टर मंगल यांचा फोन आला. नऊ वर्षं इंग्लंडमध्ये काढून त्या सासरच्या गावी दवाखाना सुरू करायला आल्या होत्या. नवरा अजून तिकडे, वर्षभरानं येणार. येताना त्यांनी तिकडची गाडी बरोबर आणली होती. दर बुधवारी त्यांना निरवांगी या खेड्यात बायका तपासायला जायचं असे, आणि गाडी मात्र त्यांच्या हातात मिळत नव्हती.

"सासरे म्हणाले, जाणत्या माणसानं पास केलं तरच चालवायची," त्या म्हणाल्या. "असा माणूस मिळणार नाही अशी त्यांची खात्री आहे. तुम्ही येता का?"

मी लगेच हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की गाडीत एक नवीन यंत्रणा आहे, गाडी घसरायला लागली तर स्वतः सावरते. तसली गाडी मी जन्मात चालवली नव्हती. गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडून मागवून घेतलं आणि आठवडाभर रात्रीचं जेवण झाल्यावर परीक्षेला बसल्यासारखी वाचत राहिले.

सुपे

मला न्यायला मंगलताई स्वतः आल्या, पण स्टिअरिंगवर बिरूभाऊ होते. पन्नाशीचे, अंगानं काटक, मिशा पांढऱ्या. घरचे मूळचे मेंढरं राखणारे, निरवांगीचे. यांनी वीस वर्षं ट्रक चालवला, आता ही गाडी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "म्याडम, तुमी मागं बसा. फुडं उनाचा तरास व्हतो." मी पुढेच बसले.

सोलापूर रस्त्यानं चौफुल्यापर्यंत आणि तिथून उजवीकडे सुप्याला. चौफुला सोडला की हिरवं संपतं. गुडघाभर पिवळं गवत, मधूनच बोडकी टेकडी. मयूरेश्वरच्या अभयारण्यापाशी तीन चिंकारा रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. आम्ही थांबलो, तशा त्या आमच्याकडे बघत राहिल्या आणि मग काही घाई नसल्यासारख्या निघून गेल्या. सुप्यात बाजार होता. कांदाभजी आणि चहा घेतला. पुण्यात चहा मागवायचा की नाही यावर आधी चर्चा होते. इथे आम्ही टेकायच्या आत तीन कप समोर आले होते.

भजी खाता खाता मी मंगलताईंना यंत्रणेचं सांगितलं. चारही चाकं किती वेगानं फिरतात हे ती सतत मोजत असते. आपण स्टिअरिंग कुठं वळवलं तेही तिला कळतं. आपण वळवलं एकीकडे आणि गाडी निघाली दुसरीकडे, की ती हव्या त्या एकाच चाकाला ब्रेक लावते, इंजिनाचा जोर कमी करते आणि गाडीला रेषेत आणते. त्या वेळी समोर त्रिकोणी दिवा लुकलुकतो.

"म्हंजी गाडी आमच्यापरीस शाणी," बिरूभाऊ म्हणाले.

"नाही. आपण आधी चूक करायची, मग ती धावून येणार. चूक फार मोठी असेल तर तिलाही जमणार नाही."

मला ते माळावर करून बघायचं होतं. मोकळा मुरूम होता, माणूस नव्हतं, झाड नव्हतं. मी किल्ली मागितली.

"माळावर गाडी घालायची न्हाय. आबांनी सांगितलंया," बिरूभाऊ म्हणाले.

मी ऐकलं. पाहुणी म्हणून गप्प बसले. या प्रवासातली माझी पहिली चूक ती.

इंदापूर

आबा म्हणजे मंगलताईंचे सासरे. इंदापूरच्या बाहेर त्यांची डाळिंबाची बाग, बागेत घर. जेवायला उजनीच्या पाण्यातली मासळी होती, लालभडक रस्सा, ज्वारीची भाकरी आणि ओंजळभर कच्चा कांदा. मासळी पुण्यात आम्ही काटे मोजत खातो. आबा बोलत बोलत काटे बाजूला काढत होते आणि त्यांचं सगळं लक्ष माझ्यावर होतं.

"बाई, तुमी बाप्यांना बी शिकवता?"

"शिकवते. त्यांना जरा जास्त वेळ लागतो."

"त्ये का?"

"शिकायच्या आधीच येतंय असं वाटत असतं म्हणून."

आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढायला लावला आणि म्हणाले, "माझी सून हुशार हाय. पर हितला रस्ता इंग्लंडचा न्हाय. ऊसतोड चालू झालीया. ट्रॅक्टरवाल्यांना समोर कोण हाय ह्ये दिसत न्हाय. मला माझं माणूस गमवायचं न्हाय."

हे मी मनापासून ऐकलं, कारण यात दमदाटी नव्हती, भीती होती. पण त्या भीतीचं ओझं मंगलताईंनी दारात बसून का वाहायचं, हे मला पटेना.

दुसरा दिवस महामार्गावर आणि बारामती रस्त्यावर गेला. कोरडा डांबरी रस्ता, लख्ख ऊन. मंगलताईंचा हात चांगला होता. ट्रकला ओलांडताना घाबरायच्या, ते संध्याकाळपर्यंत गेलं. बिरूभाऊ मागे बसून प्रत्येक वळणावर पुढच्या सीटची पाठ घट्ट धरत होते. मी केलेलं कौतुक मंगलताईंना आवडलं, मला स्वतःलाही करायला आवडलं, आणि त्या नादात मी एक साधी गोष्ट केली नाही. माझ्या शाळेत पहिल्या दिवशी मी सांगते, किल्ली फिरवा आणि समोरचे दिवे बघा. इथे मी ते स्वतःच विसरले.

कालव्याकाठी

त्या रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी उघडलं आणि आम्ही निरवांगीच्या बाजूला निघालो. मंगलताई चालवत होत्या, मी शेजारी, बिरूभाऊ मागे. उसाचे ट्रॅक्टर शेतातून चाकांबरोबर काळी माती डांबरावर आणतात. वाळली की तिची धूळ होते आणि भिजली की साबण. मैल दीड मैल रस्ता काळाकुळकुळीत होता, वर उसाचं पाचट, म्हणजे वाळका पाला, पडलेलं.

कालव्याच्या बाजूनं डावं वळण होतं. वेग चाळीसच्या जरा वर. उजवीकडच्या शेतातून दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल एकदम रस्त्यावर आली. मंगलताईंनी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग वळवलं. बरोबरच केलं त्यांनी. पण चाकं जागच्या जागी जाम झाली आणि गाडीचं मागचं अंग कालव्याकडे निघालं. मला समोरच्या काचेत रस्ता दिसायचा बंद झाला, नुसता ऊस दिसू लागला. मी ओरडले, "ब्रेक सोडा! जायचंय तिकडे बघा!" त्यांनी सोडला. गाडी आडवी झाली, परत फिरली आणि भरावाच्या तोंडाशी एका बाभळीला मागचं दार घासून थांबली. चाकापासून पाणी चार हातांवर असेल. कालवा भरून वाहत होता.

दूधवाला कधीच निघून गेला होता. मंगलताईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. त्या म्हणाल्या, "बाई, तो दिवा लागलाच नाही."

तोवर ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दिवा लागला नव्हता. विचारलं तर त्यांच्या पायाखाली ब्रेक थरथरलाही नव्हता, पंपाची घरघर नव्हती. पुस्तकात लिहिलेल्यातलं काहीच झालं नव्हतं.

मी पुस्तक काढलं, किल्ली बंद केली आणि पुन्हा फिरवली. पुस्तकात चित्र आहे: किल्ली फिरवली की सगळे दिवे क्षणभर पेटायला हवेत, मग विझायला हवेत. मोजले. दोन कमी. एक, जोरात दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेचा आणि एक तो त्रिकोणी. मग डॅशबोर्डच्या बाजूचं झाकण उघडलं. फ्यूजच्या रांगेत एक खाच रिकामी होती.

मी मागे वळून पाहिलं. बिरूभाऊ खिडकीबाहेर बघत होते.

"बिरूभाऊ, हे कोणी काढलं?"

बिरूभाऊंनी खिडकीची काच वर केली. मग कमरेची तंबाखूची चंची सोडली आणि तिच्या आतल्या कप्प्यातून तो एवढासा फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"म्या काढून घ्येतला मिस्त्रीकडनं. म्हैना झाला. वल्या रस्त्याला गाडी आपुआप ब्रेक लावायची. चिखलात निस्ती रेस द्यावी तर इंजान दम सोडायचं. मिस्त्री म्हनला, इलायती रोग हाय, फ्यूज काढ. दोन दिवं मग सारखं पेटून ऱ्हायलं, म्हनून त्यांचं बल्ब बी काढलं."

"मला का नाही सांगितलं?" मंगलताईंनी विचारलं. आवाज अगदी खाली होता.

"वीस वरसं ट्रक चालवलाय, वैनी. गाडी मला शिकवाया लागली, त्ये सोसलं न्हाय."

मला संताप आला होता. त्यांना बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की दोन दिवस या गाडीत पुढच्या सीटवर मीही बसले होते, आणि दिवे मीही मोजले नव्हते. ते मी तिथेच, त्या दोघांसमोर बोलून दाखवलं. त्यानं काही हलकं वाटलं नाही.

आबा

दार घासलेलं लपणार नव्हतं, आणि मंगलताईंना काही लपवायचंही नव्हतं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर उठून गाडीभोवती एक फेरी मारली, बाभळीचा ओरखडा बोटानं चाचपला आणि निर्णय सांगितला: गाडीवर ताडपत्री टाकायची, बिरूनं उद्यापासून यायचं नाही, बाईंना पुण्याच्या एस.टी.त बसवून द्यायचं.

"तिन्ही गोष्टी होणार नाहीत," मंगलताई म्हणाल्या.

सासऱ्यासमोर असं त्या पहिल्यांदाच बोलत असाव्यात. घरातल्या दोन बायका दारापर्यंत येऊन तिथेच थांबल्या.

"उद्या बुधवार आहे. निरवांगीत अकरा बायका वाट बघणार आहेत, त्यातल्या दोघींचे दिवस भरत आलेत. मी जाणार. बिरूभाऊंनी चूक केली आणि ती कबूलही केली. त्यांना काढलंत तर पुढच्या वेळी कोणी कबूल करणार नाही. आणि बाईंनी मला अजून पास केलेलं नाही."

"पोरी, कालव्यात ग्येली असतीस!"

"गेले असते, आबा. कारण मला वाचवणारी वस्तू कोणीतरी मला न विचारता काढून टाकली होती."

आबांनी परत त्या ओरखड्याकडे पाहिलं. मी संधी साधली. "आबा, तुम्ही स्वतः बसून बघा. मग ताडपत्री टाकायची असेल तर मी धरू लागते."

फ्यूज खाचेत बसवला. बल्ब मिस्त्रीकडून परत आणायला बिरूभाऊ स्वतः गेले आणि तासात आले. मिस्त्रीनं ते जपून ठेवले होते. किल्ली फिरवली, सगळे दिवे पेटले, सगळे विझले. मग गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर गेलो. पावसानं मुरूम ओला होता. चार दगड ठेवून मी एक वळण आखलं. स्टिअरिंगवर मी, मागे मंगलताई आणि बिरूभाऊ; आबा माझ्या शेजारी बसले, धोतराचा सोगा मांडीखाली घट्ट दाबून.

आधी फ्यूज काढून, तीसच्या वेगानं. गाडी वळणात गेली आणि भोवऱ्यासारखी उलटी फिरून थांबली. आबांनी डोळे मिटले होते. मग फ्यूज घालून, त्याच वेगानं. घरघर झाली, दिवा लुकलुकला, कोणीतरी मागून खांदा धरून सरळ करावं तशी गाडी वळणातून बाहेर आली.

"पुन्यांदा," आबा म्हणाले.

पुन्हा केलं. त्यांना ते आवडलेलं दिसलं, म्हणून तिसऱ्या वेळी मी वेग पन्नासवर नेला. दिवा लुकलुकला, घरघर झाली, आणि गाडी दगड उडवत सरळ माळात निघून गेली. फिरली नाही, पण वळलीही नाही.

"ह्ये काय झालं?"

"हे दाखवायचं होतं. जमीनच धरून ठेवत नसेल तर यंत्रणा काय करणार? वेग वळणाच्या आधी कमी करायचा. टायरमध्ये हवा बरोबर हवी, नक्षी झिजलेली नको. दिवा लुकलुकला तर समजायचं, आपण चुकत होतो. आणखी हळू व्हायचं. अन् पेटूनच राहिला तर यंत्रणा बंद आहे. मिस्त्रीला बल्ब काढायला सांगायचं नाही."

बिरूभाऊंनी मान खाली घातली, पण हसूही आलं त्यांना.

आबा खाली उतरले. माळावर थोडं चालून आले. म्हणाले, "उद्या म्या बी येतो."

निरवांगी

बुधवारी पुन्हा पाऊस होता. चौघं निघालो. डांबरावर मंगलताईंनी वळणाच्या कितीतरी आधी वेग सोडला, कालव्यापाशी तर पंचवीसवर आणला. दिवा एकदाही लुकलुकला नाही. मला त्याचाच सगळ्यात जास्त आनंद झाला.

गाव एका मैलावर राहिलं आणि कच्च्या रस्त्यात पुढची चाकं काळ्या मातीत रुतली. रेस दिली की इंजिन दबायचं. चाक फिरायला लागलं की यंत्रणा त्याला घसरणं समजते आणि जोर काढून घेते. फ्यूज काढेपर्यंत बिरूभाऊंनी तोंड दिलं ते हेच. त्यांची तक्रार खोटी नव्हती.

"यासाठी बटण आहे," मी म्हटलं. डॅशबोर्डवरचं ते बटण मंगलताईंनी दाबलं, दिवा पेटून राहिला. आता चाक फिरायला लागलं, पण चिखल उडण्यापलीकडे काही होईना. पुस्तकात यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

बिरूभाऊ धोतर खोचून उतरले. फडातून पाचटाचे भारे आणले, चाकांपुढे दाबून बसवले, चाकांमागची माती हातानं ओढली. "वैनी, दुसऱ्या गेरात. रेस द्यायची न्हाय. क्लच हळूच सोडा, गाडीला वाटाया नगं आपन ढकलतोय." आबा आणि मी मागून रेटलं. माझी साडी कमरेपर्यंत काळी झाली. तिसऱ्या खेपेला गाडी हलली आणि वर आली.

"आता बटण परत दाबा," मी आणि बिरूभाऊ एकदमच म्हणालो.

मंगलताईंनी अकराच्या अकरा बायका तपासल्या. एकीचा रक्तदाब फार वाढलेला निघाला. तिला आणि तिच्या सासूला गाडीत घेऊन त्या तशाच इंदापूरला परतल्या, बिरूभाऊ शेजारी. मी आणि आबा एका ओसरीवर दुपारपर्यंत बसलो. त्या घरानं आम्हाला हुलग्याचं माडगं प्यायला दिलं, कढत, लसणाच्या फोडणीचं. आबा रस्त्याकडे बघत होते. गाडी परत दिसली तेव्हा त्यांनी वाटी खाली ठेवली आणि मला विचारलं, "पास का?"

"पास," मी म्हटलं.

परत

पाचव्या दिवशी मला एस.टी. स्टँडवर सोडायला मंगलताई निघाल्या. आबा पुढे बसले, मी मागे. बिरूभाऊ दारात उभे होते. "म्याडम, त्ये पुस्तक मराठीत लिहून धाडा. मिस्त्रीला बी वाचाया देतो," असं म्हणाले. ते काम मी सुरू केलं आहे.

इंदापूरच्या अलीकडे रस्त्यावर पुन्हा तोच काळा राडा होता. मंगलताईंनी वेग तीसवर आणला. मागे उसाचा एक ट्रक लागला, त्याच्यामागे जीप, त्याच्यामागे आणखी दोन ट्रक. पहिल्यानं हॉर्न दिला, मग सगळ्यांनी. ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून ओरडला, "बाई चालवतीया व्हय! बाजूला घ्या की!"

मी घड्याळ बघितलं. पुण्याच्या गाडीला सात मिनिटं होती.

"जरा पळीव, पोरी," आबा म्हणाले. "बाईंची एस.टी. जाईल."

"नाही आबा. चिखल संपल्यावर."

हॉर्न थांबेनात. ट्रकचं तोंड आमच्या मागच्या काचेत मावेना इतकं जवळ आलं. मंगलताईंचा वेग ना कमी झाला ना वाढला. आबांनी काच खाली केली, पागोट्यासकट अर्धं अंग बाहेर काढलं आणि त्या ट्रककडे हात उगारून गरजले, "डाक्टरीनबाई चालवत्यात! मागं ऱ्हा!"

ट्रक मागे राहिला. सगळी रांग मागे राहिली. आम्ही तीसच्या वेगानं इंदापुरात शिरलो.

स्टँडवर पोचलो तेव्हा पुण्याची गाडी सुटली होती. पुढची सव्वा तासानं. मंगलताईंनी माफी मागितली नाही, आणि मी ती मागू दिलीही नसती.